केसलरची पदवी

"वेन केसलरकडे मास्टर्सची पदवीच नाही." नॅडीनने कागद टेबलावर ठेवला.

मर्ल स्टॉडर्ड, ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा क्रीडाप्रमुख, चष्मा पुसत राहिला. नॅडीन ऑस्ट्रँडर त्याच्या हाताखाली प्रसिद्धीचं काम बघायची. बाद फेरीच्या सामन्यासाठी पुस्तिका निघत होती. मुख्य फुटबॉल कोचची माहिती ताडून बघावी म्हणून तिने सहज, पदव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या निबंधक कार्यालयात विचारलं होतं. 'याच कॉलेजातून मास्टर्स, १९९८' असं केसलर सगळीकडे लिहायचा. प्रत्यक्षात दोन विषय देऊन त्याने अभ्यास सोडला होता.

"त्याच्याशी बोललीस?"

"सकाळीच. म्हणतो, 'अगं, एवढं तेवढं सगळेच लिहितात. पोरं काय माझी पदवी बघून समोरच्या संघाच्या अंगावर धावून जातात?'"

सकाळी हे बोलताना केसलर सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं कागदी कपात थुंकत होता. मग तोच हात त्याने तिच्या पाठीवर ठेवला. कधी एकदा घरी जाऊन ब्लाउज धुवायला टाकते असं तिला झालं होतं.

"आणि मर्ल, मुख्य कोचच्या जागेच्या जाहिरातीत मास्टर्सची अट होती. रॉस्कोने आपल्याकडे ती नाही असं खरं लिहिलं, म्हणून त्याला मुलाखतीलाही बोलावलं नाही तुम्ही."

रॉस्को टिल्मन चौदा वर्षं सहायक कोच होता. आता तो केसलरच्या मागे शिट्टी घेऊन उभा राहायचा.

मर्लने चष्मा घातला. "सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. शब्द देतो नॅडीन, त्या पुस्तिकेत एक अक्षरही खोटं जाणार नाही."

त्याच दुपारी तिने रॉस्कोला गाठलं. इंडियानातल्या एका शाळेने त्याला मुख्य कोच म्हणून बोलावलं होतं, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"नॅडीन, तो ओळीने नऊ सामने जिंकलाय. त्याला कोण हात लावतंय?"

"मर्लने शब्द दिलाय. माझ्यासमोर."

"तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला. शुक्रवारी त्याने शाळेला नकार कळवला.

सोमवारी बैठक दोन तास चालली. नॅडीन बाहेर बाकावर बसून होती. दार उघडलं तसा मर्ल थेट तिच्याकडे आला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"एकमताने झालं. सगळ्यांनी तुझे आभार मानलेत. वेळेवर सांगितलंस, नाहीतर पेपरात शोभा झाली असती. निबंधकांकडे पाकीट ठेवलंय, ते घे आणि पुस्तिका छपाईला पाठव."

ती जवळजवळ पळतच गेली. केसलरचा राजीनामा आपल्याच हाताने रॉस्कोला दाखवायचा होता तिला. निबंधक बाईंनी वर न बघता पाकीट पुढे सरकवलं. नॅडीनने ते तिथेच फोडलं.

आत वेन केसलरच्या नावाची, मे १९९८ची नवीकोरी पदवी होती. सहीची शाई तिच्या अंगठ्याला लागली.