नावाआधीचा शब्द

रिताने कॉम्प्युटरवर 'स्वर्गीय रंभाबाई' असे टाईप केले आणि स्क्रीन भैय्याजीकडे वळवली.

"पाहून घ्या काका. वर ॐ, मंग फोटो, खाली तेरवीची तारीख. पन्नास कार्डं ना?"

भैय्याजीने पाहिले. बायकोला जाऊन सहा दिवस झाले होते. लाखनीच्या त्या छापखान्यात हायवेवरच्या ट्रकांचा आवाज सारखा येत होता. त्याला तो ऐकू येत होता, इतकेच.

"हे काढा," तो म्हणाला.

"काय काढू? फोटो?"

"स्वर्गीय. तिथं कालकथित लिवा."

रिताचा हात थांबला. तिने आडनाव पुन्हा वाचले. हा शब्द बौद्धांच्या घरच्या कार्डावर जातो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या घरी आईच्या फोटोखाली तो लिहिलेला होता.

स्टुलावर बसलेला भैय्याजीचा मोठा भाऊ तुलाराम उठला.

"काहून गा? आपल्या घरात कधी कोनी कालकथित झालं का?"

"ती झाली. तीन सालाआंधी भंडाऱ्याले दीक्षा घेतली ना तिनं."

"घेतली त घेतली. आता ती गेली. आता कायचा धरम?"

"तिचाच."

तुलारामने स्क्रीनवरच्या फोटोवर बोट ठेवले. "हे पाय. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अन् वर कालकथित? लोकं हासतीन."

"कुंकू तिनं नाही सोडलं. तेही तिनंच ठरवलं."

रिता हळूच म्हणाली, "माह्या आईच्याही फोटोत हाय, काका."

"तू टाईप कर बाई," तुलाराम म्हणाला. मग आवाज उतरवून भावाकडे वळला. "मी काय वैरी हाव तिचा? माह्या हातानं लाकडं रचली. पन आपल्या लोकाइच्या हातात हे कार्ड कसं देऊ? दीक्षा घेतली तवा तिनं तुले तरी विचारलं होतं का?"

"नाही विचारलं. मी लय बोललो तिले. ती म्हणे, तुमी गळ्यात तुळशीची माळ घातली तवा मले विचारलं होतं का?"

"मंग तू काय म्हणला?"

"काय म्हणू? नव्हतं विचारलं."

"म्हणजे पटलं तुले?"

"मले आजही नाही पटत," भैय्याजी म्हणाला. "पन माह्या पटण्याचं त्याच्यात काय काम?"

बाहेर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला.

"तेरवी काढा," भैय्याजी रिताला म्हणाला. "पुण्यानुमोदन लिवा. अन् तो ॐ." त्याचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. "तो माहा हाय. तिच्या कार्डावर नोको."

तुलाराम दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मंग खालतं माहं नाव नोको. माह्या पोराइचं पन नोको."

"बरं."

"बरं म्हणते!" तुलाराम थोडा वेळ तसाच उभा राहिला. भाऊ आणखी काही बोलेल असे त्याला वाटले असावे. मग तो बाहेर जाऊन मोटरसायकलजवळ थांबला. गाडी त्याने चालू केली नाही.

रिताने एकेक नाव काढले. भैय्याजीला लेकरूबाळ नव्हते. 'शोकाकुल परिवार' या दोन शब्दांखाली आता एकच नाव उरले.

"काका, नाव एकच राहिलं. परिवार काढू का?"

भैय्याजीने स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिली.

"कायले काढता? वरतं ती हाय, खालतं मी हाव."