आबासाहेबांचा दहावा

कावळा काही केल्या शिवेना.

कृष्णेच्या घाटावर अख्खा गाव लोटला होता. पिंडापुढे आबासाहेबांच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. पिठलं, भाकरी, बुंदीचा लाडू, वर विड्याचं पान. समोरच्या उंबरावर कावळेही ढीगभर होते, पण एक खाली यायला तयार नव्हता. चहापान उरकून सभेला बसलेल्या सभासदांसारखे निवांत होते सगळे.

जोतीराम पुढच्या रांगेत उभा होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि पाडलेला चेहरा. तो चेहरा पाडून ठेवायला त्याला भलतेच कष्ट पडत होते. आबासाहेबांचं नुसतं नाव निघालं तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

वीसेक वर्षांपूर्वी आबासाहेब साखर कारखान्याचे चेअरमन होते. कर्ज काढून ऊस गाळायची मोठी मिल बसवायला त्यांनी साफ नकार दिला आणि जोतीरामनं भर सभेत त्यांना खाली खेचलं. सभासदांनी चपला भिरकावल्या. मग जोतीराम चेअरमन झाला, वाजतगाजत मोठी मिल आली, आणि त्या मिलच्या कर्जानंच कारखाना गिळला. दोन हंगाम झाले, चिमणीतून धूर निघाला नव्हता. ऊस मिळेल त्या भावानं पलूसच्या कारखान्याकडं जात होता. कामगारांची पोरं खंडाळ्याच्या कंपन्यांत वॉचमनच्या काठ्या धरून उभी होती. जोतीरामचा पोरगा तेवढा पाचगणीच्या शाळेत इंग्रजी झाडत होता.

रविवारी सभा होती. कारखाना एका खाजगी मालकाला विकायचा ठराव जोतीरामला पास करून घ्यायचा होता. सगळं जमत आलं आणि नेमका म्हातारा मेला. मेला तो मेला, वर देव झाला! ज्यांनी चपला मारल्या तेच टपरीवर बसून 'आबा असता तर' म्हणत उसासे टाकायला लागले. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! रविवारपर्यंत ही हवा टिकली तर ठराव बुडालाच म्हणायचा.

म्हणून जोतीराम आज घाटावर आला होता. पापी माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

पृथ्वीराजनं हात जोडले. आबासाहेबांचा हा एकुलता एक मुलगा, फौजेतून रजा काढून आलेला. "आबा, आईला अंतर देणार न्हाई. रानाचा तुकडा इकणार न्हाई."

कावळे ढिम्म.

जोतीराम शेजारच्या कृष्णातकडं झुकला. कृष्णात कारखान्यातला जुना फिटर. त्या सभेत पहिली चप्पल त्यानंच मारली होती. मागच्या दोन रांगांनाही ऐकू जाईल अशा बेतानं जोतीराम कुजबुजला, "मेल्या माणसाला वंगाळ बोलू न्हाई. पर देवाच्या दारात न्याव हाय गड्या. पोटातलं पाप कावळ्याला बरुबर कळतं."

"व्हय की," कृष्णात पुटपुटला. "काय तरी केलं आसंल म्हाताऱ्यानं. त्याबिगर न्हाई."

घाटभर कुजबुज पसरली. जोतीरामला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हरणाबाई उठली. आबासाहेबांची बायको. कंबरेत वाकलेली, पण आवाज अजून खणखणीत.

"गुरुजी, इच्छा मला ठावं हाय. जाताना त्यांच्या तोंडात एकच हुतं, कारखाना इकू नगा."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"आयला!" कृष्णातच पहिला भानावर आला. "म्हंजी आबाचा जीव कारखान्यात आडाकलाय! आनि आमी काय भलतंच बोलाय लागलो!"

सगळ्या माना जोतीरामकडे वळल्या.

"चेअरमन, बोला की!"

"मी कसा बोलू? घरच्यांनी बोलायचं आसतंय ते."

"इकणार तुमी. सबूद बी तुमीच द्या!"

जोतीरामला दरदरून घाम फुटला. न बोलावं तर गाव सोडणार नाही, बोलावं तर सगळंच मुसळ केरात. घोळका पुढे सरकला तसा तो हात जोडून घाईनं म्हणाला, "बरं बाबा! आबा, ठराव मागं घेतला."

एका कावळ्यानं फांदीवर चोच घासली आणि डोळे मिटले.

"मनापासनं म्हणा! आबाला खोटं कळतंय!"

"मनापासनंच म्हणतोय रं!" जोतीराम किंचाळला. पण काहीही बोललं तरी ते कावळे खाली यायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खुर्ची सोडतो म्हणा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी तेच उचलून धरलं. पृथ्वीराजनं वाट अडवली. मोबाईल वर झाले.

"सोडली! चेअरमनकी सोडली! आता तरी जाऊ द्या रं मला!"

शेवटी गुरुजींनी सूर्याकडं पाहिलं, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विषय संपवला. "आबासाहेब अमर रहे!" लोक गर्जले. वीस वर्षांपूर्वी असंच, तेवढ्याच जोरात, जोतीरामच्या नावानं गर्जले होते.

तो खाली मान घालून गाडीकडे निघाला. हरणाबाई काठी टेकत त्याच्यामागोमाग आली. लोकांना वाटलं, थोर बाई आहे, वैऱ्याचीही समजूत घालतेय.

"जोतीराम," ती हळूच म्हणाली, "पहाटं मी पिंडाची जागा सारवाय आले हुते. कावळ्यास्नी बादलीभर मटण घालताना बघितलं तुला. तवाच मनाशी ठरीवलं, ह्यांची शेवटची इच्छा काय हुती ते. न्हाईतर मरताना ह्यांनी निस्तं पाणी मागितलं हुतं."