तिसरं फूल

दुसरंही फूल काकूंनी उसवलं. कात्रीच्या टोकाने टाका उचलला, दोरा ओढला, आणि नवीने तासभर खपून केलेलं रिबिनीचं फूल टेबलावर सुटून पडलं.

"उलटं," काकू म्हणाल्या. "पुन्हा उलटं."

खोलीतला नियम सगळ्यांना पाठ होता. कामाला आलेल्या बाईची पहिल्या दिवशी तीन फुलं उसवली गेली, की तिने आपली पिशवी उचलायची. चहा मिळतो, कुणी रागावत नाही, पण उद्या यायचं नाही. नवीची दोन झाली होती. नवी म्हणजे सकाळीच आलेली. नाव विचारायचं ते टिकली तर, अशी इथली रीत.

काम दिसायला सोपं. चार रिबिनी खिळ्याला अडकवायच्या, चकचकीत बाजू वर ठेवून गोफ विणायचा, तो स्वतःभोवती गुंडाळून फूल करायचं आणि मागून टाके घालून क्लिपवर बसवायचं. उरलेला गोफ शेपटासारखा खाली सोडायचा. दोन वेण्यांना दोन फुलं, अशी जोडी. पण गोफ मोठा खट! ज्या बाजूला ओढ जास्त, त्या बाजूला तो आपणच वळतो. दुसरीकडे गुंडाळायला जावं तर फुगून वाटीसारखा उभा राहतो. काकूंचा गोफ उजवीकडे वळायचा, तीस वर्षं वळत होता. खोलीतल्या बाकी चौघींचाही तसाच. आणि नवीचा मेला डावीकडे.

तिसरं फूल होत आलं तेव्हा काकू तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे त्यांना दिसलं, की ओढणारा हात डावा आहे.

"डावखुरी आहेस? सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बसवलं असतंत?" नवीने मान वर केली नाही. "शिवणकामाच्या दोन ठिकाणांहून या हातामुळेच घालवलंय मला. काकू, आता आणखी एक दार ठोठावायचं माझ्यात त्राण नाही हो."

काकूंना वाईट वाटलं. पण काकूंचं वाईट वाटणं त्यांच्या कात्रीपर्यंत कधी पोचत नसे.

"उलटं ते उलटंच," त्या म्हणाल्या. "थांब, पुरं कर ते, तुला दाखवतेच. म्हणजे माझ्या नावाने बोटं मोडत जाणार नाहीस."

त्यांनी नातीला हाक मारली. तयार जोड्या नातीच्या दोन वेण्यांवर लावून बघायच्या, हे ठरलेलं, आणि नातीला त्याचा भारी वैताग. कारण डाव्या वेणीवरचं फूल नेहमी जरा चुकल्यासारखं दिसायचं. उजवीकडचं शेपूट छान खांद्याकडे झुकायचं, डावीकडचं मात्र पाठीच्या मधोमध येऊन लोंबायचं. "मान सरळ ठेव," आजी खेकसायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी काकूंचं उत्तर तयार: "फुलात खोट नाही हो, पोरीची मान वाकडी आहे." तीस वर्षांत किती पोरींनी त्यापायी बोलणी खाल्ली, त्याला गणती नाही.

काकूंनी नातीला पाठमोरी बसवलं. उजव्या वेणीवर स्वतःचं फूल लावलं, डाव्या वेणीवर नवीचं.

"आता बघ, कसं ध्यान दिसतं ते," म्हणत त्या दोन पावलं मागे सरकल्या.

आणि तिथेच थांबल्या.

एक शेपूट उजव्या खांद्याकडे झुकलं होतं, दुसरं डाव्या. इकडचं वळण तिकडे जसंच्या तसं, पण आरशात पाहावं तसं. खिडकीचे दोन पडदे दोन्हीकडे सारावेत तशी ती दोन फुलं, आणि मधोमध पोरीची बारीकशी मान.

"अगं बाई!" चौघींतली एक हळूच म्हणाली. कुणाच्याच बोटातली सुई हलेना.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फुलं तशीच. हजारो जोड्या त्यांच्या हातांखालून गेल्या होत्या, आणि जोडी म्हणून त्या आज पहिल्यांदा काहीतरी बघत होत्या.

"आजी," नात कंटाळून म्हणाली, "आज तरी माझी मान सरळ आहे का गं?"

"सरळच आहे, बाळा," काकू म्हणाल्या. "रोजच सरळ होती."

नवीने एव्हाना पिशवी हातात घेतली होती. काकूंनी कात्री उचलली तशी तिने डोळे मिटून घेतले.

पण काकू काचेच्या कपाटाकडे गेल्या. तिथे त्यांनी केलेली पहिली जोडी ठेवलेली होती. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यातलं डावं फूल त्यांनी काढलं, टाका उचलला आणि दोरा ओढला. वरून विटलेल्या रिबिनी सुटल्या, तर आतून अजून कोऱ्या निळ्या.

त्या दिवशी उसवलेलं तिसरं फूल ते.

काकूंनी त्या रिबिनी बोटांनी सरळ केल्या आणि टेबलावर नवीच्या जागेपुढे ठेवल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि नाव काय गं तुझं?"