मेकअप न करता ये

चार मालिकांत राखीने कामवालीच केली होती. सून गोरी, वकीलबाई गोरी, कपटी नणंदसुद्धा गोरीच, आणि फरशी पुसायला राखी. म्हणून सावळ्या मुलीच्या जिद्दीवर नवी मालिका येतेय आणि शूटिंग आपल्या नाशिकमध्येच आहे हे कळल्यावर तिने जीव ओतून ऑडिशन दिली. आठवड्याने फोन आला, "उद्या सकाळी सातला ये. मेकअप न करता ये." आईने हातावर साखर ठेवली आणि नाशिक रोडच्या सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं.

मेकअपच्या खोलीत मेकअपवाल्या नवनाथदादाने तिला आरशासमोर बसवलं. तिचं मनगट हातात घेऊन तो एकेक शेड लावून बघू लागला. एक लालसर वाटली, एक राखाडी. आपल्यासाठी कुणी इतकी मेहनत घेतंय, हे राखीला नवीनच होतं. चौथी शेड लावली आणि ती कातडीत दिसेनाशीच झाली.

"जमलं," म्हणत त्याने त्या शेडची वाटी उचलली आणि तो शेजारच्या खुर्चीकडे वळला. तिथे मुंबईहून आलेली गोरीपान नायिका डोळे मिटून बसली होती.

"पॅकअपनंतर निघेल ना हे?" तिने काळजीने विचारलं.

"दोन मिनिटांत, मॅडम." मग त्याने राखीकडे कापसाचा ओला बोळा दिला. "तू पुसून घे. तुझा भांडी घासायचा सीन दुपारी आहे."

राखीने मनगट खसाखसा पुसलं. बोळा काळा झाला. मनगट होतं तसंच राहिलं.