रजबची पहिली कोर

“ही ओळ इथे कोणी घुसडली?” सरांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

ती बाळाला खांद्यावर थोपटत होती. लॅपटॉपच्या पडद्याकडे न बघताही तिला कळलं, सर कुठल्या ओळीवर आलेत ते.

“मीच.”

“म्हणजे सगळ्या जगासाठी चंद्र नियमाने चालणार, आणि तुझ्या जन्मतारखेपुरता सहा दिवस आधी हजर. वशिल्याचा चंद्र आहे का हा?”

सर तिला कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना काही सुचेना, आणि नोकरी सोडल्यावर तिलाही. त्यातून दोघांनी हिजरी दिनदर्शिकेचं ॲप करायला घेतलं. चंद्राची आकडेमोड सरांची, बाकी सगळं तिचं. नेहमीची तारीख टाकली की ॲप चांद्र महिन्यातली तारीख सांगायचं. दिवस मध्यरात्री नाही, सूर्य मावळल्यावर बदलतो, हेही त्याच्या गळी उतरवून झालं होतं. दोन वर्षं खपल्यावर येत्या सोमवारी ते लोकांच्या हाती जाणार होतं.

पारखून घ्यायला तिने घरच्याच तारखा वापरल्या. सासूसासऱ्यांचं लग्न जुळलं. अब्बा गेले तो दिवस जुळला. बाळाचा जन्म तर तासासकट जुळला.

अडली ती फक्त तिची स्वतःची तारीख. जन्मदाखल्यावरचा दिवस टाकला की ॲप आधीच्या महिन्याची पंचविसावी दाखवायचं. आणि तिचा जन्म तर रजब महिन्याच्या पहिल्या संध्याकाळचा. यावर घरात कधी कोणी शंका घेतली नव्हती. तेव्हा तिने तेवढ्यापुरती एक ओळ लिहून ॲपचं तोंड बंद केलं होतं.

“सर, अम्मीने तो चंद्र डोळ्यांनी पाहिलाय.”

“एखाद्या दिवसाचा फरक मी समजू शकतो. ढग असतात, नजर चुकते. पण पंचविसाव्या दिवसाचा चंद्र पहाटे उगवतो, बाई. संध्याकाळच्या खिडकीत तो येईल कुठून?”

तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय ना ते पाहिलं.

काय सांगणार होती ती? लहानपणी दाखल्यावरच्या तारखेला तिचा वाढदिवस कधी झाला नाही. ‘दाखला शाळेसाठी, चंद्र आपल्यासाठी,’ असं अम्मी म्हणायची. रजब लागला की तिघं गच्चीवर जायची. लोखंडी जिना पायाखाली थरथरायचा. अब्बा मागून म्हणायचे, सावकाश, चंद्र काही पळून जात नाही. अम्मी तिला शालीत ओढून घ्यायची, तिच्या गालाला गाल लावून बोट आभाळाकडे करायची. साबणाचा वास यायचा शालीला. तिला कोर कधी पटकन दिसायची नाही, आणि दिसली तरी अम्मीचा गाल बाजूला होऊ नये म्हणून ती ‘दिसली’ म्हणायची उशिराच. मग अम्मी दर वर्षी तेच सांगायची. “अशीच संध्याकाळ होती. खिडकी, खिडकीत समोरची पाण्याची टाकी, टाकीच्या कडेला नखाएवढी कोर, आणि माझ्या मांडीवर तू.”

मैत्रिणींच्या आया बाळंतपणाच्या कळा तिखटमीठ लावून सांगायच्या. तिच्या अम्मीने फक्त चंद्र सांगितला. तिला स्वतःला दिवस गेले तेव्हा तिने घाबरून विचारलं होतं, खूप दुखतं का गं? अम्मी म्हणाली, “आता कोणाला आठवतंय,” आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

“मग दाखला चुकला असेल,” सर म्हणाले.

“दाखला अब्बांनी आणलाय. कारकून होते ते. पत्रात वेलांटी चुकली तर पूर्ण पान परत लिहायचे.”

“तर मग चुकलो मी.” सरांनी चष्मा खाली घेतला. “आणि मी चुकलो असेन तर सोमवार विसर. एक तारीख खोटी निघाली, तर बाकीच्या हजारांवर लोकांनी का विश्वास ठेवावा? उद्यापर्यंत काय ते ठरव. ती ओळ ठेवून मात्र हे माझ्या नावाने जाणार नाही.”

सर गेले. दार लागल्याचा आवाज झाला तशी आतल्या खोलीतून अम्मी आली. हातात बाळाची वाळलेली दुपटी.

“रागावून गेले वाटतं?”

“जाऊ देत. अम्मी, खरं सांग, तो चंद्र पहिलाच होता ना? की नंतर कधीतरी पाहिलेला, आणि आठवणीत सरमिसळ झाली?”

“मला चंद्र ओळखता येत नाही म्हणतेस?”

“तसं कुठे म्हटलं मी.”

“नखाएवढा होता. टाकीच्या डाव्या अंगाला. तुझे अब्बा दारात उभे राहून रडत होते, त्यांना म्हटलं, अहो, डोळे पुसा आणि बघा तरी.”

तिला हसू आलं. “झालं तर. गणितच चुकलंय. सरांना कळवते, सोमवारचं रद्द.”

“आणि दोन वर्षं राबलीस ते?”

“तुझ्या चंद्रापुढे काय ते.”

तिने फोन उचलला. अम्मीने दुपट्याची घडी घातली, मोडली, परत घातली. पाळण्यातलं बाळ कुरकुरलं तसं अम्मीने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि दुपट्यात गुंडाळलं.

“फोन ठेव,” ती म्हणाली. “ती ओळ काढून टाक.”

“अगं, पण मग तुझा चंद्र—”

“सरांचं गणित बरोबर आहे. माझा चंद्रही बरोबर आहे. त्या संध्याकाळी तुला माझ्या मांडीवर दिलं, तेव्हा तू सहा दिवसांची होतीस.”