आर्विडची सही

मिनेसोटाच्या पार उत्तरेला, तळ्याकाठी होऊ घातलेल्या खाणीविरुद्ध संध्याने सात माणसं जमवून एक छोटा पर्यावरण पक्ष उभा केला. उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या सह्या हव्या होत्या आणि म्हातारा आर्विड सही करेल, तरच गाव करणार होतं. लायब्ररीतल्या सभेत संध्याचं बोलणं ऐकून त्याने पेन उचललं.

"पटलं मला. तुझं नाव कुठंय? त्याच्याखालीच करतो."

"मला सही करता येत नाही, आर्विड. मी व्हिसावर आहे."

त्याने पेन हळूच खाली ठेवलं.

"मग तुझं काय, तू उद्या आपल्या घरी जाशील. इथे राहायचंय आम्हाला."

 

संध्याला त्या गावात एकोणीस वर्षं झाली होती. ग्रीन कार्डाचा नंबर अजून लागायचा होता.