डोरेनमधली खोली

ॲपवर खोलीसाठी लावलेली तिसरी बोलीही नाकारली गेली. हेनिंगने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला.

जर्मनीतल्या हानोफरच्या औद्योगिक प्रदर्शनाचा दुसरा दिवस सरत आला होता. पाहुणे ट्रामच्या दिशेने निघाले होते, आणि सगळ्या शहरात हेनिंगला परवडेल अशी एकही खोली नव्हती. आजवर हॉटेलचा खर्च कंपनी करत असे. यंदा तिने हात वर केले होते. वर बजावलेही होते की या प्रदर्शनात व्हॉल्व्हची मोठी ऑर्डर मिळाली नाही, तर त्याची नोकरी राहणार नाही. दोन रात्री त्याने वाहनतळावर, गाडीतच काढल्या होत्या. आज दुपारी अशी ऑर्डर देऊ शकणाऱ्या डच खरेदी अधिकारी बाई त्याच्यासमोर बसल्या होत्या. बोलता बोलता तो दोनदा आकडे चुकला. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा बाईंनी फाइल मिटली आणि त्याच्या चुरगळलेल्या कॉलरकडे पाहत शांतपणे म्हटले, "उद्या सकाळी या. आणि कृपा करून झोपून या."

"किती लावलीस?" उब्बोने विचारले. उब्बो शेजारच्या स्टॉलवर पंप विकत असे. एम्डेन गावचा, साठीला टेकलेला माणूस. सॉसेज आणि बटाट्याच्या सॅलडच्या दोन कागदी ताटल्या घेऊन तो समोर येऊन बसला.

"एकशेवीस युरो. याच्या पलीकडे जायची ऐपत नाही."

"एवढ्या पैशांत या आठवड्यात हॉटेलवाले तुला पायपुसण्यावरसुद्धा झोपू देणार नाहीत. खाली बघ, घरगुती खोल्यांचा रकाना आहे. मी बारा वर्षं डोरेन वस्तीत एका म्हातारीकडेच उतरतो. सकाळचं उकडलेलं अंडंसुद्धा गार होऊ नये म्हणून लोकरीची टोपी घालून येतं. शहरात तुझं कोणी नाही का रे? हेल तर इथलाच वाटतो."

"कोणी नाही," हेनिंग म्हणाला.

त्याने रकाना उघडला. इथेही नियम हॉटेलांचाच होता. बोली लावणाऱ्याला फक्त वस्ती दिसे. पत्ता पैसे भरल्यावर कळे, आणि भरलेले पैसे परत मिळत नसत. खोलीवाल्यांना मात्र बोली लावणाऱ्याचे पूर्ण नाव दिसे, आणि ते कुणालाही कारण न देता नाही म्हणू शकत.

"नावाच्या आधी डॉक्टर लाव," उब्बो मोहरीची पुडी दाताने फाडत म्हणाला. "इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरावर जीव टाकतात."

"मी डॉक्टर नाही."

"मीही नाही. बारा वर्षं माझी म्हातारी मला डॉक्टरसाहेब म्हणते. एकदा गुडघा दाखवायला आली, तेव्हा जरा पंचाईत झाली, एवढंच."

हेनिंगला हसू आले नाही. डोरेन या नावापाशी त्याचे बोट क्षणभर अडखळले. पण तेवढ्या एकाच वस्तीत खोल्या शिल्लक होत्या. त्याने नाव होते तसेच लिहिले, एकशेवीसचा आकडा पुन्हा घातला आणि डोळे मिटून बोली लावली. ही नाकारली गेली तर पुन्हा गाडी, पुन्हा चुकणारे आकडे, आणि उद्या दुपारी कंपनीचा फोन.

उब्बोचा पहिला घास संपायच्या आत फोन थरथरला.

"स्वीकारली!" हेनिंगचा आवाज फुटला. त्याने घाईघाईने पैसे भरले. किती दिवसांनी कोणीतरी त्याला हो म्हटले होते.

पडद्यावर पत्ता उमटला, आणि त्याने ताटली बाजूला सारली. रस्ता, घराचा क्रमांक, तिसरा मजला. तो याच घरात वाढला होता.

सहा वर्षांपूर्वी वडिलांचे दफन झाले त्या दिवशी तो प्रदर्शनातच, व्हॉल्व्ह दाखवत उभा होता. "माणसं जमलीत, हेनिंग. तुझं कधी आटोपतंय?" आईने फोनवर विचारले होते. दुसऱ्या दिवशी तो दारात जाऊन उभा राहिला. आईने त्याच्या हातातली फुले घेतली आणि दार लावून घेतले. त्यानंतर दोघांपैकी कोणीही फोन केला नव्हता. दर वर्षी तो या शहरात येई आणि डोरेनला वळसा घालून जाई.

म्हणजे आईने त्याचे नाव वाचले होते. नाव वाचून, हा खोलीसाठी वणवण करतो आहे हे कळूनही, तिने स्वतःहून फोन केला नाही. त्याच्याकडून पैसे घेतले. परक्या भाडेकरूसारखे. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मी जात नाही," तो उठत म्हणाला. "गाडीतच झोपतो."

"डोकं फिरलंय का तुझं? पैसे गेले, उद्या ती डच बाई वाट बघतेय, आणि तू..."

"नोकरी गेली तरी चालेल. त्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"का, भूत राहतं का तिथं? बघू." उब्बोने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि पत्ता वाचला. मग त्याने हेनिंगकडे वर मान करून असे पाहिले, जणू हेनिंगला लॉटरी लागली असावी.

"अरे, हे तर माझ्या म्हातारीच्या समोरचं घर! तिसऱ्या मजल्यावरची बाई ना? सगळी गल्ली हसते तिला. पाच-सहा वर्षं झाली, दर प्रदर्शनाला खिडक्या पुसते, गादीवर नवी चादर घालते, खोली यादीत टाकते, आणि येईल त्याला नाही म्हणते. गेल्या वर्षी एक जण तीनशे द्यायला तयार होता, त्यालाही नाही म्हणाली. तुला कशी हो म्हणाली रे?"